थंडीतील उडी : स्प्रिंगपायांचा एक अभ्यासपाठ



जमिनीपासून चार बोटे का होईना, वर जाण्याची हौस माणसाला फार जुनी आहे. छत्तीसगडात हरेलीच्या सणाला मुले बांबूच्या गेडीवर चढतात आणि चिखलातून ऐटीत चालतात. पूर्व विदर्भातील आपल्या वाचकांनाही गेडी परकी नाही. गेडी माणसाला उंच करते; मात्र ती त्याला उडवत नाही. उडवणारी गेडी अलीकडच्या काळात जर्मनीत तयार झाली. अलेक्झांडर ब्योक या जर्मन अभियंत्याने पायाला बांधायच्या स्प्रिंगच्या साधनाची रचना केली आणि २००४ साली त्याला अमेरिकेचे पेटंट मिळाले. त्याच्याच नावावरून या खेळाला 'पॉवरबॉकिंग' म्हणू लागले. या पाठात आपण त्या साधनाला 'स्प्रिंगपाय' असे सुटसुटीत नाव देऊ.

हा खेळ आपल्या मैदानावर रोज खेळला जात नाही, तरीही तो अभ्यासासाठी निवडण्यामागे कारण आहे. आज मुले मोबाइलवर त्याच्या चित्रफिती पाहतात, साधन घरपोच मागवता येते, आणि आपले काही माजी विद्यार्थी थंड देशांत संसार थाटून राहिले आहेत. त्याहून महत्त्वाचे असे की, थंडीत उडी मारताना शरीरावर, साधनावर आणि जमिनीवर काय परिणाम होतो, हे या खेळात अगदी उघड दिसते. जे येथे शिकावे, ते दोरीवरच्या उड्यांना आणि पहाटेच्या धावण्यालाही लागू पडते.

साधनाची रचना

प्रत्येक स्प्रिंगपायाला अॅल्युमिनियमचा सांगाडा असतो. त्यावर पाऊल ठेवण्याची पट्टी, पाऊल आवळणारे पट्टे आणि गुडघ्याखाली बसणारी कडी असते. मागील बाजूस फायबरग्लासचा धनुष्यासारखा वाकलेला पाटा असतो. मालमोटारीच्या चाकावरील कमानपाट्याची आठवण व्हावी असा. सर्वांत खाली रबरी खूर असतो. शरीराचा भार आला की पाटा वाकतो आणि ऊर्जा साठवतो. सरळ होताना तीच ऊर्जा परत देतो. कांगारूच्या मागील पायांतील कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारे चिवट तंतू, नेमके हेच काम करतात.

येथे थोडे गणित करून पाहू. एक मीटर उंचीवरून खाली येणारे शरीर जमिनीला टेकते तेव्हा त्याचा वेग ताशी सुमारे १६ किलोमीटर असतो. ६० किलो वजनाच्या व्यक्तीच्या अशा उडीत जवळजवळ ५९० जूल ऊर्जा सामावलेली असते. उंची दुप्पट झाली की ऊर्जाही दुप्पट होते. उडी बरोबर उतरली तर ही ऊर्जा पाट्यात जाते. खूर घसरला तर ती मनगटात, गुडघ्यात किंवा डोक्यात जाते. या खेळातील सुरक्षिततेचा सारा विचार या एका वाक्यात आला आहे.

थंडी तीन ठिकाणी शिरते

जानेवारीत बव्हेरियातील रात्रीचे तापमान बहुधा शून्याखाली असते. बर्लिनमध्ये डिसेंबरच्या अखेरीस दिवस आठ तासांहूनही लहान होतो. अशा हवेत बाहेर पडणारा मनुष्य 'मला थंडी वाजते का?' एवढाच प्रश्न स्वतःला विचारतो. तो प्रश्न अपुरा आहे. थंडी शरीरात शिरते, साधनात शिरते आणि जमिनीतही शिरते. तिघांपैकी जो सर्वांत मागे राहिला असेल, त्याच्या तयारीएवढीच आपली खरी तयारी असते.

प्रथम शरीर पाहू. थंड स्नायू सावकाश आणि कमी जोराने आकुंचन पावतो. कंडरा ताठ राहतात. हातापायांच्या बोटांतील रक्तवाहिन्या आकसतात आणि बोटे बधिर होतात. स्प्रिंगपायांवर स्थिर उभे राहता येत नाही. तोल सांभाळण्यासाठी पावले सतत जागच्या जागी हलवावी लागतात. मेंदूला तळपायाकडून येणारी वार्ता मंदावली की तोल सावरायला उशीर होतो. म्हणून ऊब ही येथे चैन नव्हे. ती सुरक्षिततेची पहिली अट आहे.

यावर उपाय साधा आहे. स्प्रिंगपाय बांधण्यापूर्वी निदान दहा-पंधरा मिनिटे भरभर चालावे, हलके धावावे, गुडघे उचलावेत, घोटे व मनगटे फिरवावीत, काही अर्ध्या बैठका माराव्यात. श्वास थोडा वाढला आणि कपाळ किंचित ओलसर झाले, म्हणजे शरीर तयार झाले असे समजावे. थंड स्नायूंना जोराने ताणणे मात्र टाळावे; ताण देण्याचे व्यायाम खेळ संपल्यावर करावेत.

पोशाखाचा विचार

थंडीत एक जाड कोट घालण्यापेक्षा तीन पातळ थर अधिक उपयोगी पडतात. अंगालगतचा थर घाम बाहेर सोडणारा असावा, म्हणजे लोकरीचा किंवा थर्मलचा. सुती बनियन घाम धरून ठेवते आणि खेळ थांबताच तेच ओले कापड अंग गार करते. मधला थर ऊब राखणारा आणि वरचा वारा अडवणारा असावा. उड्या मारताना शरीर झपाट्याने तापते. तेव्हा घाम फुटण्याची वाट न पाहता एक थर उतरवावा, आणि विसाव्याला बसताच तो पुन्हा चढवावा. नवशिक्याला वारंवार बसावे लागते. खरी थंडी त्याला उडी मारताना नव्हे, तर बसल्यावर भरते. बाकावर अंथरायला एक जाड घडी जवळ असली तर हा त्रास पुष्कळ कमी होतो.

मफलर लांब सोडू नये. तो साधनात अडकतो. गळ्याभोवती बंद नळीसारखा पट्टा बरा. पॅन्टचे पायघोळ टोकही असेच धोक्याचे असते. हेल्मेटखाली पातळ कानटोपी चालते. जाड टोपीने हेल्मेट सैल बसते आणि सैल हेल्मेट ऐनवेळी डोके सोडून सरकते. हातमोजे घालून त्यावर मनगटाला आधार देणारी कवचे बांधावीत. गुडघ्यांना आणि कोपरांना जाड पॅड हवेतच. ते कपड्यांवरून घट्ट बसतात की नाही, हे घरीच पाहून घ्यावे.

पायांत दोन-दोन मोजे कोंबून पट्टे करकचून आवळण्याची चूक अनेकांकडून होते. त्यामुळे रक्तप्रवाह अडतो आणि पाय अधिकच गार पडतात. लोकरीच्या मोज्याची एक चांगली जोडी पुरते. बूट घालून बोटे हलवता आली पाहिजेत, पण टाच उचलली जाता कामा नये, एवढाच पट्टा आवळावा. पहिल्या दहा मिनिटांनंतर तो पुन्हा तपासावा, कारण मोजे आणि बूट दबल्यावर पट्टे सैल होतात.

साधनाची तपासणी

रात्रभर गॅलरीत किंवा गाडीत पडून राहिलेले स्प्रिंगपाय थेट पायाला बांधू नयेत. थंडीने खुराचे रबर कडक होते आणि त्याची जमिनीवरील पकड घटते. फायबरग्लासच्या पाट्यातील राळही थंडीत अधिक ताठर होते. साधन घरात कोरड्या जागी ठेवावे आणि आरंभीची काही मिनिटे लहान लहान उड्यांतच घालवावीत.

बांधण्यापूर्वी पाट्यावर भेग, टवका किंवा सुटलेला तंतू आहे का, हे उजेडात पाहावे. पाहताना हातमोजे असावेत. फायबरग्लासची कुसळे कातडीत रुततात. प्रत्येक नट-बोल्ट हाताने चाचपावा. खूर एका बाजूने झिजला असेल तर तो बदलल्याशिवाय उडी मारू नये. युरोपात बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यांवर मीठ टाकतात. ते सांध्यांत शिरले की बोल्ट गंजतात. म्हणून घरी आल्यावर साधन ओल्या फडक्याने पुसून पूर्ण कोरडे करावे.

एक बाब वसतिगृहात राहिलेल्यांना विशेष सांगावीशी वाटते. पाटा हा वापरणाऱ्याच्या वजनानुसार निवडलेला असतो. आपल्याकडे वही, चादर, सायकल वाटून घेण्याची चांगली सवय असते. परंतु स्प्रिंगपाय ही वाटून घेण्याची वस्तू नव्हे. हलक्या मुलाच्या पाट्यावर जड मुलगा उभा राहिला तर पाटा मोडू शकतो. जड व्यक्तीचा पाटा हलक्या मुलाला वाकवता येत नाही आणि त्याचा तोल जातो. वाढत्या वयाच्या मुलाचे वजन दर मोसमात नव्याने करावे, आणि तेही हिवाळी कपड्यांसह.

जमीन आणि वेळ

रबरी खुराचा जमिनीला टेकणारा भाग तळहाताहूनही लहान असतो आणि सारा भार त्यावरच येतो. म्हणून बर्फ, दहिवर, ओली पाने, गुळगुळीत फरशी, वाळू आणि भुसभुशीत माती ही सर्व वर्ज्य समजावीत. डांबरावर कधी बर्फाचा असा पातळ, पारदर्शक थर बसतो की खालचा काळा रंगच दिसतो आणि रस्ता केवळ ओला वाटतो. पुलावर आणि सावलीच्या जागी हा थर आधी धरतो व उशिरा वितळतो. जागा ठरवण्यापूर्वी साध्या बुटांनी संपूर्ण फिरून पाहावी. रहदारी नसलेली, सपाट, कोरडी आणि उन्हातील जागा निवडावी. दुपारची वेळ सर्वांत बरी. संधिप्रकाशात खड्डा दिसत नाही आणि आपणही इतरांना दिसत नाही. जागेविषयी शंका असेल, तर त्या दिवशी बंदिस्त क्रीडागृहात जावे किंवा उडीच रद्द करावी.

उडी, पडणे आणि विसावा

साधन उंच बाकावर किंवा टेबलावर बसूनच बांधावे. नवशिक्याच्या दोन्ही बाजूंना दोन सोबती असावेत. त्यांनी त्याचे हात धरावेत. प्रथम जागच्या जागी पावले, नंतर चालणे, आणि चालणे सहज झाल्यावरच उडी, हा क्रम मोडू नये. तोल जातो आहे असे वाटताच पुढे झुकून गुडघ्यांच्या पॅडवर आणि मनगटांच्या कवचांवर पडावे; मागे पडणे सर्वांत घातक. पडताना हात सरळ ताठ रोवू नये, कोपर किंचित वाकलेले ठेवावे. पडणे कसे हे आधी शिकावे, मग उडणे.

गार, कोरड्या हवेत जोराचा श्वास घेतल्याने काहींची छाती आवळते. नाकाने श्वास घ्यावा, तोंडावर पातळ कापड असावे. दमा असलेल्याने वैद्यांच्या सल्ल्याशिवाय हा खेळ करू नये आणि औषधाचा पंप जवळ ठेवावा. थंडीत तहान लागत नाही, तरीही पाणी कमी होतच असते. कोमट पाणी घोट घोट घेत राहावे. बोटे बधिर झाली तर खेळ थांबवून ती काखेत धरून ऊब द्यावी. ती जोराने चोळू नयेत, शेकोटीवरही धरू नयेत, कारण बधिर कातडीला भाजल्याचे कळत नाही. डोक्याला मार बसला, तर दुखो वा न दुखो, त्या दिवसाचा खेळ तेथेच संपला. उलटी, गोंधळ किंवा गुंगी दिसल्यास ताबडतोब रुग्णालय गाठावे. खेळ संपल्यावर आधी ओले कपडे बदलावेत, गप्पा नंतर.

'पुरे' म्हणण्याचे बळ

एवढी कवचे घालूनही अपघात होतात, आणि ते बहुधा शेवटच्या काही उड्यांत होतात. पाय थकलेले असतात, घाम गार झालेला असतो, आणि सोबती म्हणत असतात, "आणखी एकच!" अशा वेळी 'मला थंडी वाजते', 'माझे पाय थकले' असे म्हणायला मुलाला संकोच वाटतो. चार जणांत दुबळे ठरण्याची भीती त्याला पडण्याच्या भीतीहून मोठी वाटते. वसतिगृहात वाढलेल्यांना हा संकोच चांगला ठाऊक आहे. कोणतेही हेल्मेट त्यापासून मुलाला वाचवू शकत नाही. ते काम शिक्षकांचे, पालकांचे आणि मोठ्या मुलांचे आहे. जेथे 'पुरे' म्हणणाऱ्याला कोणी हसत नाही, तेच मैदान सुरक्षित.

आपल्या मैदानापुरते

निफाडला किंवा नागपूरला डिसेंबरच्या पहाटे पारा दहा अंशांच्या खाली उतरतो. त्या वेळी कोणी पोलीस भरतीसाठी १६०० मीटर धावत असतो, तर कोणी दोरीवर उड्या मारत असतो. त्यांच्या पायांत स्प्रिंग नसते. पण स्नायू तितकेच थंड असतात आणि दवाने भिजलेली फरशी तितकीच निसरडी असते. अंथरुणातून उठून थेट धाव घेण्याऐवजी दहा मिनिटे चालावे. फरशीऐवजी कोरड्या, दाबलेल्या मातीवर उड्या माराव्यात. घामाचा सदरा बदलूनच वर्गात बसावे. ज्या मुलाकडे स्वेटर नाही, तो 'मला थंडी वाजत नाही' असेच सांगतो, हे आपण मोठ्यांनी लक्षात ठेवावे आणि त्याला विचारण्यापूर्वीच स्वेटर द्यावा.

उडीची उंची लोक टाळ्यांनी मोजतात. आपण ती सुखरूप उतरण्याने मोजू या.

स्वाध्याय

१. थंडी कोणत्या तीन ठिकाणी शिरते? आपल्या आवडत्या खेळातील उदाहरण देऊन सांगा.
२. उडीची उंची दुप्पट केल्यास पडण्याची ऊर्जा किती होते? त्यावरून नवशिक्याने कोणता बोध घ्यावा?
३. एकाचे स्प्रिंगपाय दुसऱ्याने का वापरू नयेत?
४. आपल्या मैदानावर 'पुरे' म्हणणाऱ्या मुलाशी आपण कसे वागतो? घरी पालकांशी चर्चा करा.