कोरा रकाना

देवळी,
श्रावणातला पहिला सोमवार

चि. सोनू हिस,
आत्याचे अनेक आशीर्वाद.

परवा दुपारी तरोट्याची भाजी निसत बसले होते, तर एक फोन आला. कुणी पोरगा हिंदीत बोलत होता. तुझं पूर्ण नाव घेतलं, 'आप उनकी कौन लगती हैं' म्हणून विचारलं, आणि क्रेडिट कार्डाचे ४३ हजार थकलेत, तिला समजवा, असं म्हणाला. पुढं काय बोलला ते माझ्या कानात शिरलंच नाही.

दादाला सांगितलं नाही, वहिनीलाही नाही. दादाच्या छातीचं तुला ठाऊक आहे, आणि यंदा दुबार पेरणी झाली तेही. तेव्हा हे पत्र. फोनवर तू 'काही नाही गं आत्या' म्हणून मोकळी होशील. पत्र तुला पुन्हा वाचता येईल.

तो फोन खोटाही असेल. पैसे उकळायला असे फोन येतात, तसं असेल तर लगेच १९३० वर तक्रार कर आणि मला कळव. पण खरा असेल तर? कार्ड फेडायला एखाद्या ॲपवरून कर्ज घेतलंस, आणि त्यानं तुझ्या फोनातले आम्हा सगळ्यांचे नंबर उचलले, असं तर नाही ना? रिझर्व्ह बँकेनं २०२२ पासून कर्जाच्या ॲपला तुझ्या फोनातले नंबर बघायला मनाई केली आहे. वसुलीचा फोनसुद्धा सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर करता येत नाही, आणि नातेवाइकांना असं छळता येत नाही. म्हणजे कुणी धमकावलं तर भिऊन आणखी एक कर्ज काढू नकोस.

आता रागावते. गेल्या दिवाळीत तू आलीस तेव्हा तीन बॅगा होत्या. वहिनीला मिक्सर, मला शाल, दादाला बूट, आणि स्वतःला तर विचारूच नको. मी तेव्हाच विचारलं होतं, 'एवढं जमतं का गं पगारात?' तू हसलीस. कार्डाचं बिल आलं की तू नुसती कमीत कमी रक्कम भरत असशील, हो ना? तेवढं भरलं की दंड टळतो, पण उरलेल्यावर व्याज चालू राहतं, आणि नवी खरेदीही पहिल्या दिवसापासून व्याजात जाते. कित्येक कार्डांवर ते महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या घरात असतं. ४३ हजारांवर दीड हजार झाले, वर जीएसटी. माझ्याकडे पोस्टाची आरडी भरणारी बाई महिन्याला हजार रुपये भरते, तेव्हा आजच्या ६.७ टक्क्यांनी ६० महिन्यांनंतर तिच्या हातात ७१,३६६ येतात. तिला पाच वर्षांत मिळणारं ११,३६६ व्याज तुझं कार्ड आठ महिन्यांत गिळतं. आपल्या गावात कास्तकार बियाण्याला सवाई-दिढीनं पैसे उचलायचे, ते तू आजीच्या तोंडून ऐकलंयस. कार्ड चकचकीत आहे, एवढाच फरक.

पण हौस करू नको असं मी कोणत्या तोंडानं सांगू? बाजारात जायला मला अजून आवडतं. आईची पद्धत तुला आठवते ना? पहिली फेरी रिकाम्या हातानं. भाव विचारायचे, कापड बोटांत चुरून बघायचं, पुढं जायचं. दुसऱ्या फेरीत जे अजून मनात असेल तेच घ्यायचं. तिला त्या पहिल्या फेरीचाच आनंद जास्त होता. तूही सेलमध्ये काही आवडलं तर रात्रभर कार्टात राहू दे. पगार आला की त्याच दिवशी आरडी जाऊ दे, मग खोलीचं भाडं आणि मेस. हौसेचे तीन हजार वेगळ्या खात्यात टाक आणि फोनवरचं पेमेंट फक्त त्याच खात्याला जोड. ते तीन हजार मात्र पुरते खर्च कर, जीव न जाळता.

आणि आता एक गोष्ट, जी दादालाही माहीत नाही.

१९९६ चा पावसाळा. मला पोस्टाची एजन्सी मिळून वर्षही झालं नव्हतं. बायकांनीच घरोघरी जाऊन आरडी गोळा करायची ही योजना सरकारनं १९७२ साली काढली, कमिशन शंभराला चार रुपये. आपल्या नाक्यावर एक म्हातारी बांगड्या विकायची, महिन्याला २० रुपये भरायची. वाचता येत नव्हतं. मी कार्डावर लिहिलं की ती पुढच्या रकान्यात अंगठा उठवायची, आणि मग बोटानं वरपासून सगळे रकाने मोजायची.

मैत्रिणीचं लग्न होतं. वर्ध्याच्या एका दुकानात मोरपंखी नारायणपेठ लावली होती, साडेपाचशेला. पिशवीत महिनाभराची वसुली होती. महिनाअखेरीला भरून टाकू म्हटलं. महिनाअखेर आली आणि भरता आले नाहीत. म्हातारीला म्हणाले, 'मावशी, कार्ड घरी राहिलं.' दुसऱ्यांदाही तेच म्हणाले. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, 'बाई, एक घर खाली राह्यलं ना?' रागानं नाही गं, विचारल्यासारखं. मी घरी येऊन न्हाणीत रडले.

आईनं काहीच विचारलं नाही. तुरीच्या डाळीच्या डब्यातून पुरचुंडी काढली आणि माझ्यापुढं ठेवली. सगळ्यांचे पैसे मी भरले, उशिराचा दंडही. ते पैसे तिच्या चष्म्यासाठी साठवलेले होते, हे मला दिवाळीत कळलं. तोवर ती परात उंबरठ्यावर उजेडात नेऊन, डोळ्यांजवळ धरून तांदूळ निवडत होती आणि मी रोज ते बघत होते. ती साडी मी दोनदा नेसले. दोन्ही वेळा लवकर घरी आले.

सोनू, ४३ हजार फिटतील. माझी एक आरडी पुढच्या महिन्यात पिकते आहे, ती कशासाठी ठेवली होती ते विचारू नकोस. माझा जीव कशानं घाबरा झालाय सांगू? पुण्यात त्या खोलीत रात्री तू एकटी तो फोन हातात घेऊन बसत असशील, आणि सकाळी आम्हाला 'जेवले, बरी आहे' असं लिहून पाठवत असशील.

मी कडक लिहिलं. तू दिलेली शाल रोज पहाटे खांद्यावर असते, थंडी नसली तरी.

पोळ्याला ये. वर्ध्याला उतरलीस की गोरसपाकचा एक पुडा घे, तुझ्या त्या तीन हजारांतला. तान्ह्या पोळ्याला सिंदीला जाऊ, लहानपणी तिथल्या उंच लाकडी नंदीखाली उभी राहून तू हलायला तयार नव्हतीस. आदल्या रात्री दादा झोपला की तुझे सगळे कागद माझ्यासमोर मांड. मी चष्मा लावून बसते.

तुझी,
आत्या