हात जड होतात तेव्हा

शास्त्रपाठ : निर्गम १७:८-१३
मुख्य विचार : आजाऱ्याला जो आधार देतो त्यालाही आधार लागतो.

रफीदीम येथे अमालेक्यांशी लढाई झाली तेव्हा यहोशवा मैदानात लढत होता आणि मोशे टेकडीच्या माथ्यावर हात वर करून उभा होता. पुढे मोशेचे हात जड झाले. त्याचा विश्वास कमी पडला असे शास्त्र म्हणत नाही; माणसाचे हात जड होतातच. अशा वेळी अहरोन व हूर यांनी प्रथम काय केले हे नीट पाहावे. त्यांनी एक धोंडा आणून त्याला बसायला दिला. मग दोघांनी दोन्ही बाजूंनी त्याचे हात सूर्य मावळेपर्यंत धरून ठेवले.

हा पाठ आम्ही अनेकदा शिकवला होता. पण तो आम्हांला उमगला दवाखान्याच्या जिन्याखाली.

आमच्या नवागामात खानदेशातून कामधंद्यासाठी सुरतेला आलेली पुष्कळ मराठी घरे आहेत. नंदुरबार-नवापूरकडे कोणी अंथरुणाला खिळले की नातेवाईक गाडीने उधन्याला उतरतात आणि आजाऱ्याला येथील मोठ्या दवाखान्यात दाखल करतात. मग आजारी माणूस खाटेवर आणि घरचे माणूस खाटेखाली, असे दिवस सुरू होतात.

आमच्या मंडळीतील एका भावाच्या पाठीच्या कण्याला कामावर मार लागला. पहिल्या आठवड्यात आम्ही सर्व जण गेलो. शहाळी नेली, प्रार्थना केली. खाटेभोवती उभे राहायला जागा नव्हती. पुढे ज्याचा तो आपल्या कामाला लागला. पाचव्या आठवड्यात आम्ही पुन्हा गेलो, तेव्हा त्याची पत्नी जिन्याखाली भिंतीला टेकून बसल्याबसल्याच झोपली होती. सकाळपासून तिच्या पोटात चहाशिवाय काही नव्हते. जागी झाल्यावर ती एवढेच म्हणाली, "भाऊ, प्रार्थना करता हे ठाऊक आहे मला. पण दोन तास कोणी बसेल का त्यांच्याजवळ?"

आम्ही मान खाली घातली. आम्ही प्रार्थना केली होती, धोंडा मात्र आणला नव्हता.

ज्याला स्वतः हलता येत नाही त्याच्या एकाच बाजूवर भार राहिला की तेथील रक्तपुरवठा अडतो व कातडीला जखम होते. म्हणून साधारण दर दोन तासांनी कूस बदलावी लागते. म्हणजे रात्रंदिवस मिळून बारा वेळा! शिवाय भरवणे, पुसून घेणे, औषधे आणणे. हे एकट्या बाईने महिनोन्‌महिने कसे करावे?

पुष्कळ हात लागले म्हणजे काय होते याचे उदाहरण मुंबईच्या केईएम रुग्णालयात घडले. तेथील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर नोव्हेंबर १९७३ मध्ये रुग्णालयातच हल्ला झाला व मेंदूला कायमची इजा झाली. १८ मे २०१५ रोजी त्यांचा मृत्यू होईपर्यंत, म्हणजे सुमारे ४२ वर्षे, तेथील परिचारिकांनी त्यांना सांभाळले. जुन्या निवृत्त झाल्या, नव्यांनी तेच काम हाती घेतले. इतक्या वर्षांत त्यांच्या अंगाला अंथरुणाची जखम झाली नाही, याची नोंद सर्वोच्च न्यायालयाच्या ७ मार्च २०११ च्या निकालात आहे. त्या परिचारिका रक्ताच्या नात्याच्या नव्हत्या. त्यांनी पाळी वाटून घेतली आणि ती मोडली नाही.

आम्हीही त्या रविवारी उपासनेनंतर वही काढली. जे शिकलो ते असे :

१. पाळी नावानिशी लिहावी. "काही लागले तर सांगा" असे म्हटल्याने कोणी सांगत नाही. "गुरुवारी रात्री मी बसतो" असे म्हणावे.

२. खाटेजवळ एक वही ठेवावी. डॉक्टर काय म्हणाले, कोणते औषध केव्हा दिले, हे पुढच्या पाळीच्या माणसाला त्यातून कळते.

३. कूस कशी बदलावी हे परिचारिकेकडून शिकून घ्यावे. कण्याला मार असल्यास आपल्या मनाने हलवू नये.

४. वृद्ध आजारी एकाएकी असंबद्ध बोलू लागल्यास त्याला वेड लागले असे समजू नये. परिचारिकेला लगेच सांगावे. चष्मा, घड्याळ व ओळखीचा आवाज जवळ असावा.

५. हात धुऊन जावे, खोकला-ताप असल्यास जाऊ नये, गर्दी करू नये.

६. घरी राहिलेल्या मुलांचा डबा आणि शाळा यांकडे पाहावे. हीदेखील पाळीच आहे.

तो भाऊ अडीच महिन्यांनी घरी आला. तो अजून चालत नाही. चाकाच्या खुर्चीत बसतो. आम्ही त्याच्या बरे होण्यासाठी प्रार्थना करतो आणि गुरुवारची पाळीही चालू आहे. सूर्य अजून मावळलेला नाही.

वर्गात चर्चेसाठी :

१. अहरोन व हूर यांनी आधी बसायला धोंडा का आणला असेल?

२. आपल्या मंडळीत महिन्याहून अधिक काळ आजाऱ्याची सेवा करणारे कोण आहे? त्याला अखेरचे भेटून किती दिवस झाले?

३. या आठवड्यातील कोणते दोन तास आपण त्याला देऊ शकतो? वार व वेळ लिहून ठेवा.