चंपाला घेऊन पेडणे-डिचोली: दोन रात्रींचा खरा खर्च

‘कुत्रं चालेल हो, आणा की’ एवढ्या शब्दांवर मी एकदा ₹1,500 आगाऊ पाठवले होते. डिचोली तालुक्यातल्या त्या घराच्या फाटकाशी पोचलो तेव्हा कळलं, की मागच्या गोठ्याशेजारी बांधून ठेवलेलं कुत्रं चालणार होतं. आमची चंपा गावठी, 17 किलोची, रोज पलंगाखाली झोपणारी. रात्री साडेआठला आम्ही दुसरं घर शोधलं. दीड हजार गेले ते गेलेच.

तेव्हापासून पैसे पाठवायच्या आधी मी व्हॉट्सअ‍ॅपवर एकच मजकूर पाठवते: ‘आमची कुत्री खोलीत, आमच्याजवळ झोपेल. तिचे रात्रीचे किती? डिपॉझिट किती, परत कधी? आवाराला कुंपण आहे का? तुमच्याकडे कुत्री, मांजरं, कोंबड्या आहेत का?’ उत्तर लेखी आलं तरच आगाऊ रक्कम. कोंबड्यांचा प्रश्न वरवरचा वाटेल, पण या दोन तालुक्यांत अंगणात कोंबड्या नाहीत असं घर विरळा. एक कोंबडी मेली की भरपाई द्यावी लागते आणि दोन दिवसांचा गोडवाही संपतो.

पेडणे आणि डिचोलीच का? किनारपट्टीच्या गर्दीत कुत्र्याला काहीच मिळत नाही. रात्री उशिरापर्यंत गाणी, फटाके आणि वाळूत काचा. कोरगाव, पार्से, तुये किंवा डिचोलीकडे मये, नार्वे, मेणकुरे या गावांत त्याला झाडं, पायवाटा आणि शांत रात्र मिळते. शिवाय मराठी सर्वत्र चालते, त्यामुळे कुत्र्याबद्दलची बोलणी नीट होतात.

आता पैसे. माझ्या फेऱ्यांत गावातल्या साध्या, स्वच्छ खोलीला रात्रीचे ₹2,000 ते ₹3,500 पडले आहेत. नाताळ आणि नवीन वर्षाच्या आठवड्यात हेच भाव दुपटीवर जातात. कुत्र्याचे वेगळे ₹300 ते ₹1,000 रात्रीला. डिपॉझिट ₹1,000 ते ₹3,000, ते परत मिळतं म्हणून खर्चात धरू नका, पण जवळ ठेवा. खोलीत शिरताच सोफा, गादी, दाराचा खालचा भाग यांचा व्हिडिओ काढून मालकाला पाठवा. आधीच्या पाहुण्याच्या कुत्र्याने ओरबाडलेलं दार तुमच्या नावावर लागत नाही. दिवसाला ₹7,500 पर्यंतच्या खोलीवर सप्टेंबर 2025 पासून 5 टक्के जीएसटी आहे. छोट्या घरगुती मालकाची नोंदणी नसेल तर तो लागत नाही; लावलाच तर बिल मागा. गोव्यात पाहुणे ठेवणाऱ्या घराची पर्यटन खात्याकडे नोंद असावी लागते, तो क्रमांकही विचारून घ्या.

कोल्हापूरहून आजरा, आंबोली, सावंतवाडी, बांदा करत पत्रादेवीला गोव्यात शिरलं, की पेडणे साधारण पावणेदोनशे किलोमीटर. जाऊन-येऊन आणि तिथलं फिरणं धरून 450 किलोमीटर, लिटरला 15 धरले तर 30 लिटर, म्हणजे सुमारे ₹3,000. गोव्यात पेट्रोल महाराष्ट्रापेक्षा स्वस्त मिळतं. परतताना टाकी तिकडेच भरा. निघायच्या आधी तीन-चार तास कुत्र्याला खायला देऊ नका, नाहीतर आंबोली घाटात सगळं सीटवर येतं. धबधब्यापाशी माकडं असतात, तिथे गाडीचं दार उघडू नका.

पुण्याहून चोर्ला घाटाने डिचोली एका बाजूने सव्वाचारशे किलोमीटरच्या आसपास आहे. दोन रात्रींसाठी कुत्र्याला एवढा प्रवास मी सुचवणार नाही. तीन रात्री असतील तरच. रेल्वेत कुत्रा सोबत न्यायचा तर फर्स्ट एसीचा अख्खा कूपे किंवा केबिन आरक्षित असावी लागते, नाहीतर त्याला गार्डाच्या डब्यातल्या पेटीत एकट्याने जावं लागतं. रात्रभर, अनोळखी खडखडाटात. पैसे वाचले तरी मी ते करणार नाही. मोप विमानतळ पेडण्यातच आहे, पण दोन दिवसांसाठी कुत्र्याला विमानात घालणं म्हणजे त्याचे हाल.

निघण्याच्या आदल्या दिवशी पशुवैद्याकडे तपासणी आणि प्रमाणपत्र करून घ्या, ₹300 च्या आसपास. लसींच्या पुस्तकाची मूळ प्रत न्या, फोटोवर भागवू नका. गोव्यात 2014 पासून रेबीजविरोधी लसीकरणाची मोठी मोहीम चालली आणि 2021 मध्ये राज्य रेबीज-नियंत्रित क्षेत्र जाहीर झालं. तिथल्या गावाने कमावलेली ही गोष्ट आपल्या लस न टोचलेल्या कुत्र्याने घालवू नये. पिटबुल, रॉटवायलर अशा जाती असतील तर जायच्या आधी चौकशी कराच, कारण त्यांच्यावर बंदीचा कायदा गोवा सरकारने 2025 मध्ये पुढे आणला.

गोचिडीचं औषध टाळू नका. तीन महिने चालणारी गोळी चंपाच्या वजनाला ₹1,800 ला पडते, म्हणजे महिन्याचे ₹600. कोकणच्या ओल्या गवतात दोन दिवस घालवून आल्यावर गोचीडताप झाला तर रक्ततपासणी आणि सलाइन यांचं बिल याच्या कितीतरी पट होतं. मार्च ते मे काजूचा हंगाम. बागेत पडलेली ओली काजूबी कुत्र्याने चावली तर टरफलातल्या तेलाने तोंड भाजतं. तेव्हा बागेत पट्टा सोडायचा नाही. दुपारी जांभ्याची अंगणं तापतात. हाताची पालथी बाजू पाच सेकंद जमिनीवर टेकवता आली नाही, तर पंजेही टेकवू नयेत. डिचोली-साखळी रस्त्याला मी पहाटेसुद्धा चंपाला चालवत नाही, कारण 2024 पासून त्या भागात खाणकाम पुन्हा सुरू झालं आहे आणि ट्रक जोरात जातात. मयेच्या तळ्याकाठची सकाळ मात्र सुरेख: पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा वाजला की चंपा कान टवकारते, आणि गरम पोईचा, म्हणजे तिथल्या पावाचा, एक कोरडा तुकडा तिला मिळतो.

आता मोरजी. पेडण्याच्या किनाऱ्यावर, विशेषतः मोरजी आणि मांद्रे इथे, नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. एका घरट्यात शंभराच्या आसपास अंडी असतात. वनखातं ती जाळ्या लावून, पाट्या लावून सांभाळतं. पिल्लं बाहेर यायला दीड-दोन महिने लागतात. कुत्र्याला अंड्यांचा वास लांबून येतो, आणि आपलं कितीही शहाणं असलं तरी एका उकरण्यात काम संपतं. त्या महिन्यांत तिथे चंपाला मी नेतच नाही. उरलेल्या दिवसांतही पट्टा हातात. समुद्रच दाखवायचा असेल तर भल्या पहाटे केरीला न्या, तेही पट्ट्यावर. केरीहून तेरेखोल नदीची फेरी चालत्या माणसाला फुकट असते. कुत्र्याला चढवायच्या आधी कर्मचाऱ्यांना विचारा आणि ओहोटीची वेळही विचारून घ्या, कारण पाणी उतरलं की ती थांबते.

हरवळ्याचा धबधबा आणि नार्व्याचं सप्तकोटेश्वर, ज्याचा जीर्णोद्धार शिवाजी महाराजांनी 1668 मध्ये केला, ही दोन्ही ठिकाणं चुकवू नयेत. पण देवळाच्या आवारात कुत्रा नेऊ नये. दोघांनी आळीपाळीने जावं, एकाने सावलीत थांबावं. बंद गाडीत त्याला दहा मिनिटंही ठेवू नका.

आमचा मागच्या फेरीचा हिशेब: खोली दोन रात्री ₹5,000, पेट्रोल ₹3,000, दोघांचं जेवण ₹2,400. चंपाचे रात्रीला ₹500 प्रमाणे ₹1,000, तपासणी ₹300, गोळीचा महिन्याचा वाटा ₹600, तिचं खाणं ₹200. म्हणजे तिच्यासाठी ₹2,100. एकूण ₹12,500. जीएसटी लागला असता तर ₹250 आणखी. तिचा भात घरूनच नेला होता; शागुती, हुमण अशा गोव्याच्या कालवणांत कांदा, लसूण, मसाला असतो, ते कुत्र्याच्या तोंडी लागू देऊ नये.

आमच्या भागात बोर्डिंगला रात्रीचे ₹600 लागतात, म्हणजे दोन रात्रींचे ₹1,200. सोबत नेण्याचा फरक ₹900 चा. चंपासाठी तो मी आनंदाने देते. पण तुमचा कुत्रा गाडीत थरथरत असेल, अनोळखी जागी रात्रभर भुंकत असेल, तर ते ₹1,200 बोर्डिंगला द्या आणि त्याला त्याच्या गावातच राहू द्या.