थंडीत जुनी गाडी आवाज करते तेव्हा

बेळगाव-खानापूर भागात नाताळाच्या सुमारास पहाटे चांगलीच थंडी पडते. भाजीची पोती आणि दुधाचे कॅन घेऊन बाजार गाठायचा तो याच वेळी, आणि जुनी डिझेल पिकअप कुरकुरू लागते तीही याच वेळी. प्रत्येक आवाज म्हणजे मोठा खर्च नव्हे. पण काही आवाज ऐकूनही गाडी तशीच हाकली, तर इंजिन हातचे जाते. हा फरक मालकाला स्वतःला कळावा म्हणून आपण आज थोडा विचार करू.

आवाज आला की तीन प्रश्न विचारावेत. तो केव्हा येतो? कोठून येतो? आणि इंजिन गरम झाल्यावर तो जातो, तसाच राहतो की वाढतो? तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. थंडीने आलेला आवाज बहुधा उबेने जातो. झिजेने आलेला आवाज मागे राहतो.

१. सेल्फ मारताना भराभर टक-टक : बॅटरीत जोर नाही, किंवा तिची टोके सैल आहेत. थंडीत बॅटरीची ताकद घटते, आणि घट्ट झालेल्या ऑईलमुळे इंजिन फिरवायला जोर मात्र जास्त लागतो. टोकांवर पांढरी-हिरवी भुकटी दिसल्यास आधी ऋण टोकाची वायर काढावी, मग कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून टोके पुसावीत.

२. चालू होताच किंचाळी : हा बहुधा फॅनबेल्टचा आवाज. इंजिन बंद असताना पट्टा मधोमध अंगठ्याने दाबून पाहावा. साधारण १ ते दीड सेंटिमीटरहून जास्त दबला, तर तो सैल आहे. चिरा पडल्या असतील किंवा आतली बाजू काचेसारखी चकचकीत झाली असेल, तर बदलावा. पट्टा तुटला की पाण्याचा पंप थांबतो व इंजिन तापते. इंजिन चालू असताना तेथे हात, पदर किंवा मफलर जाऊ देऊ नये.

३. ठकठक : थंड सिलिंडरमध्ये डिझेल उशिरा पेट घेते आणि मग एकदम जळते, म्हणून पहाटे ठोका मोठा ऐकू येतो. मिनिटभर थांबून गाडी हळू चालवावी. उगाच रेस करू नये. वरच्या बाजूची बारीक टिकटिकही ऑईल चढेपर्यंत चालते. ती थांबली नाही, तर सपाट जागी, इंजिन बंद करून, पट्टीवर ऑईल पाहावे आणि टॅपेट तपासून घ्यावेत.

४. गरम झाल्यावरही खोल धडधड, चढावर अधिक : हा झिजलेल्या बेअरिंगचा इशारा असू शकतो. त्याबरोबर ऑईलचा लाल दिवा लागला, तर बाजार चुकला तरी चालेल. इंजिन तत्काळ बंद करावे आणि गाडी ओढून न्यावी.

वरच्या नियमाला एक अपवाद आहे, आणि तो जिवाशी गाठ घालणारा आहे. सायलेन्सरचा नळ इंजिनला जेथे जोडतो, तेथे फट पडली की थंड इंजिनातून फट्-फट् आवाज येतो. धातू तापून फुगला की फट आवळते आणि आवाज कमी होतो. आपण म्हणतो, बरे झाले. पण धूर गळतच असतो. जोडावर काळी काजळी दिसल्यास हीच खूण समजावी. या धुरात कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू असतो. डिझेलच्या धुरात तो पेट्रोलपेक्षा कमी असला तरी काचा लावलेल्या केबिनमध्ये धोका राहतोच. त्याला रंग नाही, वास नाही. डोके दुखणे, चक्कर येणे, मळमळणे ही त्याची लक्षणे. तसे वाटताच गाडी थांबवून सर्वांनी मोकळ्या हवेत यावे व डॉक्टरांना दाखवावे. याच कारणाने बंद शेडमध्ये इंजिन गरम करीत ठेवू नये. ऑईल पातळ व्हावे म्हणून गाडीखाली जाळ तर कधीही करू नये.

मिस्त्रीकडे जाताना आपल्या तीन प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहून न्यावीत. गॅरेजात पोहोचेपर्यंत गाडी गरम होते आणि आवाज लपतो. म्हणून जमल्यास ती रात्रभर तेथेच ठेवून सकाळी मिस्त्रीसमोर चालू करावी. म्हणजे नेमके दुखणे सापडेल, आणि चांगले भाग उगाच बदलण्याचा खर्च वाचेल.