कॅम्पर व्हॅनची बॅटरी निवडताना ‘किती एएच?’ हा प्रश्न शेवटी विचारा

कॅम्पर व्हॅन भाड्याने देण्याच्या व्यवसायावरचा आपला व्हिडिओ पाहून सर्वात जास्त प्रश्न आले ते बॅटरीबद्दल. महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हापासून या धंद्यात उतरायची तयारी करणारे बरेच जण भेटतात. म्हणून आज फक्त बॅटरी. वही-पेन घेऊन बसा, कारण आज आकडेमोड आहे.

आधी एक प्रसंग. आपल्या बॅचमधल्या एका ताईंनी जुनी व्हॅन घेऊन छान सजवली. घरच्या इन्व्हर्टरला असते तशी १५० एएचची ट्युब्युलर बॅटरी बसवली. पहिलंच मोठं बुकिंग, कोकणात समुद्रकिनारी मुक्काम. पहाटे ३ वाजता फ्रिज बंद, पंखे बंद, मुलं रडायला लागली. ताईंना एका रात्रीचं भाडं परत द्यावं लागलं आणि वर एक स्टारचा रिव्ह्यू मिळाला. बॅटरी खराब नव्हती. हिशोब चुकला होता.

पायरी १: गाडीत एका दिवसाला किती वीज लागते?

वॅट गुणिले तास म्हणजे वॅट-तास. ताईंच्या गाडीचा हिशोब असा निघाला:

- १२ व्होल्टचा छोटा फ्रिज: ४५ वॅट, दिवसभरात कॉम्प्रेसर साधारण १२ तास चालतो = ५४०
- २ पंखे: प्रत्येकी २० वॅट, ८ तास = ३२०
- ४ एलईडी दिवे: प्रत्येकी ५ वॅट, ५ तास = १००
- मोबाइल, लॅपटॉप चार्जिंग = १५०
- पाण्याचा पंप: ६० वॅट, अर्धा तास = ३०

एकूण ११४० वॅट-तास. पाहुणे काटकसर करत नाहीत, म्हणून २० टक्के वाढवा. झाले साधारण १३७०.

यात एसी नाही, हे लक्षात घ्या. १००० वॅटचा एसी रात्रभर चालवायचा तर गणित कुठच्या कुठे जातं. एसीसाठी कॅम्पसाइटवरचं वीज कनेक्शन वापरा आणि हे बुकिंगच्या वेळीच पाहुण्यांना सांगा.

पायरी २: स्टिकरवरची सगळी वीज तुमची नसते

लेड-ॲसिड बॅटरी टिकवायची असेल तर रोज निम्मीच वापरायची. १५० एएच गुणिले १२ व्होल्ट म्हणजे १८०० वॅट-तास, त्यातले हातात ९००. ताईंची गरज ११४० होती. पहाटे अंधार का झाला, कळलं ना?

लिथियम आयर्न फॉस्फेट, म्हणजे एलएफपी बॅटरी ८० टक्क्यांपर्यंत निर्धास्त वापरता येते. मग १३७० साठी:

- लेड-ॲसिड: साधारण २३० एएच, म्हणजे १२० एएचच्या दोन बॅटऱ्या
- एलएफपी: साधारण १३५ एएच, म्हणजे १५० एएचची एक

शिवाय साध्या ट्युब्युलरमधून चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन वायू निघतो. लोक झोपतात त्या बंद केबिनमध्ये ती नको. लेडच घ्यायची तर सीलबंद एजीएम घ्या. गाडी स्टार्ट करायची बॅटरी तर या कामाला अजिबात वापरू नका. ती क्षणभर जोरात करंट द्यायला बनवलेली असते, रोज खोल उपसायला नाही.

पायरी ३: किंमत नको, दर दिवसाचा खर्च काढा

समजा एजीएमची जोडी ४०,००० रुपयांना मिळाली आणि ४ वर्षं टिकली. एलएफपी ६०,००० ला मिळाली आणि ८ वर्षं टिकली. हे आकडे उदाहरणाचे आहेत, तुम्ही तुमचं कोटेशन टाका.

वर्षाला १०० दिवस गाडी भाड्याने गेली, तर एजीएमचा खर्च दिवसाला १०० रुपये, एलएफपीचा ७५. गाडी ३० दिवसच गेली, तर एजीएमचा ३३३ आणि एलएफपीचा २५०.

यातून दोन धडे. एक, एलएफपी स्वस्त पडते, पण फरक बॅटरीपेक्षा बुकिंगने जास्त पडतो. पहिले दोन सीझन फक्त अंदाज घ्यायचा असेल आणि खिशाला ताण असेल, तर एजीएम घेण्यात कमीपणा नाही. दोन, ‘६००० सायकल’ ऐकून जास्त पैसे मोजू नका. वर्षाला १०० सायकल वापरणाऱ्याला त्या संपवायला ६० वर्षं लागतील! तुमच्यासाठी वॉरंटीची वर्षं महत्त्वाची.

पायरी ४: टिकवणं तुमच्या हातात

- चालत्या गाडीत चार्जिंगसाठी डीसी-टू-डीसी चार्जर लावा. एलएफपी थेट अल्टरनेटरला जोडली तर ती इतका करंट ओढते की अल्टरनेटर तापून जाऊ शकतो. ३० अँपिअरचा चार्जर एका दिवसाची वीज साधारण ३ तासांच्या प्रवासात भरून काढतो.
- बॅटरीच्या अगदी जवळ योग्य क्षमतेचा फ्यूज हवाच.
- इंजिनजवळ किंवा उन्हात तापणाऱ्या कप्प्यात बॅटरी ठेवू नका. उष्णतेने आयुष्य झपाट्याने घटतं.
- पावसाळ्यात गाडी उभी राहणार? एजीएम पूर्ण चार्ज करून ठेवा आणि अधूनमधून चार्ज करा. एलएफपी अर्ध्याच्या आसपास ठेवून लोड काढून टाका.
- गाडी हिवाळ्यात लडाखकडे जाणार असेल, तर शून्य अंशाखाली एलएफपी चार्ज करायची नसते. बीएमएसमध्ये ते संरक्षण आहे का, विचारून घ्या.

दुकानदाराला विचारायचे ३ प्रश्न

१. व्यावसायिक वापराला वॉरंटी लागू आहे का? काही वॉरंटी फक्त घरगुती वापराच्या असतात.
२. बीएमएस सलग किती अँपिअर देतो?
३. बिघडली तर बॅटरी कोण, कुठे, किती दिवसांत बदलून देणार?

उत्तरं जीएसटी बिलावर किंवा निदान व्हॉट्सॲपवर लेखी घ्या. तोंडी वॉरंटी सीझनच्या ऐन गर्दीत कामाला येत नाही.

ताईंनी नंतर काय केलं? सध्याचीच बॅटरी ठेवून जाहिरातीत ‘फ्रिज फक्त कॅम्पसाइटच्या विजेवर’ असं स्पष्ट लिहिलं, आणि ट्युब्युलर केबिनबाहेर हवेशीर कप्प्यात हलवली. पुढच्या सीझनच्या कमाईतून एलएफपी घेणार आहेत. हाही व्यवसायच आहे. जेवढं देऊ शकतो, तेवढंच कबूल करायचं.

आजचा गृहपाठ: तुमच्या गाडीतल्या प्रत्येक वस्तूचे वॅट आणि तास लिहून काढा, बेरीज करा, मगच दुकानात पाय ठेवा. बेरीज कमेंटमध्ये टाका, आपण मिळून तपासू. भेटूया पुढच्या भागात!