चौथा भिडू



बारावीचा निकाल लागला आणि आमच्या समोरच्या घराचं दार बंद झालं. तिथला मुलगा नापास झाला होता. माझी दहा वर्षांची लेक त्याला खेळायला बोलवायला निघाली, तर मीच तिला अडवलं, "नको गं, त्याला सध्या एकटं राहू दे." मला तो समजूतदारपणा वाटला. ती तरीही गेली. "दादा, कॅरमला चौथा भिडू कमी पडतोय." दोन दिवस तो आला नाही. तिसऱ्या दिवशी आला, गप्प बसून खेळला. रात्री त्याची आई जिन्यात भेटली. डोळे पुसत म्हणाली, "आज पोटभर जेवला हो."

लेकीने ना उपदेश केला, ना निकालाचा विषय काढला. तू आम्हाला हवा आहेस, एवढंच तिच्या हाकेत होतं.

सॅन फ्रान्सिस्कोतले मानसोपचारतज्ज्ञ जेरोम मोटो यांनी १९७०च्या सुमारास असंच काही करून पाहिलं. नैराश्यामुळे रुग्णालयात राहून गेलेल्या, पण पुढचे उपचार नाकारणाऱ्या ८४३ जणांपैकी साधारण निम्म्यांना पाच वर्षं अधूनमधून दोन-चार ओळींची पत्रं गेली. त्यांत फक्त आपुलकीची चौकशी होती, मागणं काही नव्हतं. पहिल्या दोन वर्षांत या लोकांमधल्या आत्महत्या पत्र न मिळालेल्यांपेक्षा कमी झाल्या.

आपण आईबाबाही मुलांची चौकशी करतो, पण "किती पडले?", "क्लासला गेलास का?" अशी. प्रत्येक प्रश्नामागे हिशेब असतो. खचलेल्या मुलाला नेमका तोच सोसवत नाही. दिवसातून एकदा तरी त्याच्याशी काहीही न मागणारं बोलू या. "चल, चहा घेऊ" म्हणावं, शेजारी बसून मटार सोलावेत.

आपुलकी म्हणजे उपचार नव्हे, हेही ध्यानात असू द्या. मूल "जगून काय करू?" असं बोललं, तर त्याला रागावू नका, एकटं सोडू नका. मरणाचे विचार येतात का, हे शांतपणे, सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट मन मोकळं होतं. डॉक्टरांकडे न्या. 'टेली मानस' या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर चोवीस तास, मराठीतही बोलता येतं.

लेकीला अडवलं होतं, ते आठवलं की मला अजून चरचरतं. तुमचं मूल असं कुणाच्या बंद दाराशी निघालं, तर त्याला जाऊ द्या.