परीक्षण एसीतलं, वापर उन्हातला

नव्या फोनचं परीक्षण वाचताना कॅमेरा आणि बॅटरीच्या गुणांआधी एक गोष्ट शोधावी: तो फोन कोणत्या हवेत तपासला गेला? मी चंद्रपुरात बातमीदारी करतो. पाणीटंचाईचा मोर्चा जिल्हाधिकारी कार्यालयावर आला होता, एप्रिलची दुपार होती आणि हातात कार्यालयाने खास व्हिडिओसाठी घेतलेला नवाकोरा महागडा फोन. लाइव्ह सुरू, ब्राइटनेस पूर्ण, मोबाइल डेटा चालू. आधी स्क्रीन अंधारली, मग चित्र अडखळायला लागलं आणि शेवटी फोन तापल्यामुळे कॅमेरा बंद होत असल्याची सूचना आली. डोक्यावर पदर घेतलेल्या एक आजी त्याच वेळी टँकर किती दिवसांनी येतो ते सांगत होत्या. त्यांचं बोलणं अर्ध्यावर तुटलं. या फोनबद्दल पहिल्या दिवशी आलेली परीक्षणं आम्ही पाहिली होती. ‘थोडा कोमट होतो’, एवढाच उल्लेख त्यांत होता.

परीक्षण करणारे खोटं बोलले, असं मी मुळीच म्हणणार नाही. एम्बार्गो आमच्या धंद्यात रोजचाच. माहिती आधी हातात येते, पण ठरलेल्या वेळेआधी छापायची नाही. फोन कंपन्याही तेच करतात. निवडक लोकांना विक्रीच्या काही दिवस आधी फोन देतात आणि सगळ्यांची परीक्षणं एकाच दिवशी, एकाच तासाला बाहेर पडतात. यात चांगलं हे, की पहिला नंबर लावायच्या घाईत कोणी अर्धवट तपासून लिहीत नाही. पण सगळ्यांचा अनुभव त्याच मोजक्या दिवसांचा असतो, पुष्कळदा थंड खोलीतला आणि कधीकधी अजून पक्क्या न झालेल्या सॉफ्टवेअरवरचा. फोन तापला, तरी ‘विक्रीआधी अपडेट येणार आहे’ असं कंपनीने सांगितलं की परीक्षकाचं वाक्य मवाळ होतं.

आयफोन १५ प्रोचं उदाहरण मला फार बोलकं वाटतं. १२ सप्टेंबर २०२३ला घोषणा, १९ला परीक्षणं, २२ला विक्री. फोन तापत असल्याच्या तक्रारींचा गवगवा झाला तो लोकांच्या हातात फोन पडल्यावर. सप्टेंबरच्या अखेरीला अ‍ॅपलने कारणं सांगितली: नवा फोन सेट केल्यावर पहिले काही दिवस आत चालणारी कामं, आयओएस १७मधला एक दोष आणि काही अ‍ॅप्समुळे पडणारा जादा ताण. ४ ऑक्टोबरला १७.०.३ हे अपडेट आलं. म्हणजे पहिल्या परीक्षणापासून दुरुस्तीपर्यंत पंधरवडाच गेला. तेवढा धीर धरणाऱ्याला तापलेला फोन, कंपनीचं म्हणणं आणि इलाज, तिन्ही एकदम समजलं.

गॅलेक्सी नोट ७ची गोष्ट वेगळी आणि जास्त गंभीर. ऑगस्ट २०१६मध्ये त्याचं भरभरून कौतुक झालं, १९ तारखेला विक्री सुरू झाली आणि २ सप्टेंबरला सॅमसंगला तो परत मागवावा लागला. तोवर कंपनीकडे नोंदल्या गेलेल्या बॅटरी पेटण्याच्या घटना होत्या ३५ आणि बाहेर गेलेले फोन सुमारे २५ लाख. एकेक फोन हातात घेऊन बसलेल्या परीक्षकाला असा दोष कधीच दिसणार नाही. बदलून दिलेले फोनही पेटले आणि ऑक्टोबरमध्ये उत्पादनच थांबलं. जानेवारी २०१७मध्ये कंपनीने सांगितलं, की दोन पुरवठादारांच्या बॅटऱ्यांत दोन वेगवेगळे दोष होते.

कामाने फोन तापणं आणि बॅटरीतच दोष असणं, या दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला हव्यात. काम करताना फोन तापणं बहुतेक वेळा चिपचं असतं. फोनला पंखा नसतो, आतली उष्णता पाठीतून हवेत जाते, आणि ती जायला हवा पाठीपेक्षा थंड लागते. २५ अंशांच्या स्टुडिओत ती भराभर निघून जाते. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ला टेकतो तेव्हा पाठ आणि हवा जवळजवळ सारखीच तापलेली, मग उष्णता जाणार कुठे? म्हणून फोन चिपचा वेग कमी करतो, स्क्रीन मंद करतो, चार्जिंग थांबवतो. अ‍ॅपल आपल्या फोनच्या वापरासाठी ० ते ३५ अंशांची हवा सांगते. विदर्भातला उन्हाळा त्या आकड्यात बसतच नाही, आणि ही बाब परीक्षणात ठळकपणे यायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

म्हणून नवा फोन घ्यायला थोडं थांबलेलं बरं. पण प्री-बुकिंगची सवलत सोडवत नसेल, तर निदान परत करण्याची मुदत आणि अटी आधी वाचा. पहिले दोन-तीन दिवस फोटो आणि अ‍ॅप्स उतरत असताना फोन गरम राहतोच, त्यावरून मत बनवू नका. मग मुदत संपायच्या आत तुमचं जे खरं काम असेल ते भर दुपारी, बाहेर, सावलीत उभं राहून करून बघा: व्हिडिओ, व्हिडिओ कॉल, हॉटस्पॉट, मॅप. सूचना आली तर दुसऱ्या फोनने तिचं चित्रीकरण करा, वेळेसकट.

सर्व्हिस सेंटरला जाल तेव्हा जॉबशीट नीट वाचा. आमच्या फोनच्या जॉबशीटवर तक्रारीच्या रकान्यात ‘सॉफ्टवेअर अपडेट’ लिहिलं होतं. एसीच्या खोलीत फोन अर्थातच तापला नाही, आणि ‘दोष आढळला नाही’ असा शेरा पडला. मी तिथेच उभं राहून ते बदलून घेतलं: ‘उन्हात व्हिडिओ घेताना तापून कॅमेरा बंद होतो.’ पुढे बदली फोन मिळाला तो या एका ओळीच्या जोरावर. त्यांनी लिहायला नकार दिला, तर तीच तक्रार ईमेलने पाठवा. तरीही दाद लागली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

तापलेला फोन फ्रीजमध्ये ठेवू नका, आत दव धरतं. कव्हर काढा, चार्जर काढा, सावलीत ठेवा. पण काही काम चालू नसताना खिशातच फोन चटका देत असेल किंवा पाठ फुगून कडा उचलली असेल, तर तो लगेच बंद करा, पुन्हा चार्जिंगला लावू नका, फुगीर भाग दाबू नका. तो घरात गादी-कपड्यांपासून लांब, फरशीवर ठेवा आणि सर्व्हिस सेंटरला फोन करूनच तिकडे न्या.